उलट बाजूच्या खुणा

आत्याने भाचीची पाठपिशवी निवाऱ्याच्या फळ्यांवर उलटी केली. पिवळ्या रंगाचे चार डबे, दोन चपटे ब्रश, साल घासायचा तारेचा ब्रश, वीस मीटरचा टेप, होकायंत्र, स्टॉपवॉच, नकाशाच्या दोन प्रती, बिस्किटांचे सात पुडे आणि मोजे पाच.

"पाच?" आत्या म्हणाली.

"दोन जोड आणि एक जादा."

"कुठल्या पायासाठी?"

"जो आधी भिजेल त्याच्यासाठी."

आत्याने नकाशाची एक प्रत उचलून निवाऱ्याच्या कोनाड्यात ठेवली. "एका जंगलाचे दोन नकाशे नकोत. भांडत बसतील. मोजे राहू देत. बाकी भर परत, मोजपट्टी, उजेड चांगला आहे."

मोजपट्टी हे नाव भाचीला सातव्या वर्षी पडलं होतं आणि आता ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली तरी ते सुटलं नव्हतं. तिने पिशवी भरली. रंगाचे डबे तळाशी, मग बिस्किटं, स्टॉपवॉच खिशात. आत्या तोवर बाहेर जाऊन काठीने जमीन टोकत उभी राहिली होती. तिचं तोंड वाटेकडे होतं, पण नेहमीच्या दिशेने नव्हतं. ते तिला आवडलेलं नाही, हे तिच्या टोकण्यावरून कळत होतं.

ही फेरी आत्याने सव्वीस वर्षांपूर्वी आखली होती. जंगलातून निघून, डोंगराला वळसा घालून, निघालो तिथेच परत आणणारी नऊ मुक्कामांची वाट. तिच्यावर कामाला येणारी माणसं तिच्या दोन भागांना पोट आणि पाठ म्हणत. पोटाला दोन ठिकाणी गाडीरस्ता भेटतो. पाठीला एकही नाही, तिथे चार टप्प्यांचं सलग जंगल आहे. दर हंगामाआधी आत्या डबा आणि ब्रश घेऊन अख्खी फेरी मारायची आणि झाडांवरच्या पिवळ्या खुणा ताज्या करायची. नेहमी दरी उजव्या हाताला ठेवून. खुणा झाडाच्या एकाच अंगाला, समोरून येणाऱ्याला दिसतील अशा. उलट दिशेने कुणी येईल असं तिच्या मनातही कधी आलं नव्हतं.

गेल्या हंगामात एक सुतार फेरी चालायला आला. पाठीवरच्या दुसऱ्या दिवशी त्याचा पाय मुरगळला आणि शहाण्या माणसासारखा तो मागे फिरला. मागे फिरल्यावर त्याला एकही खूण दिसेना. सगळ्या खुणा झाडांच्या पलीकडच्या अंगाला. फोनची बॅटरी संपली आणि दोन रात्री त्याने एका दगडाच्या आडोशाला काढल्या. सापडला तेव्हा तो धडधाकट होता आणि भयंकर चिडलेला होता.

वाटेची देखभाल करणाऱ्या मंडळाची बैठक हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत भरली. पाठ बंद करायची, असा ठराव चिटणीसांनी लिहूनच आणला होता.

"माझ्या वाटेवरून परत फिरायचंच कशाला?" आत्याने विचारलं. "मी आजवर कुणाला पाठ दाखवली नाही."

"बाई, पाठ बंद झाली की उरलेल्या वाटेवर सगळ्यांना जाऊन परतच यावं लागणार आहे," चिटणीस शांतपणे म्हणाले. "मग ती फेरी कसली? येजा म्हणायचं तिला."

तेव्हा भाचीने हात वर केला. पाठीवर उलट बाजूनेही खुणा करू, म्हणाली. किती दिवसांत, चिटणीसांनी विचारलं. रविवारी दुपारी पाठीच्या टोकाच्या जुन्या पुलावर गाडी घेऊन या, म्हणाली. कोणत्याही परक्या माणसाला उलट येता आलं पाहिजे, आणि ते तपासून दाखवलं पाहिजे, चिटणीस म्हणाले. भाची हो म्हणाली. चिटणीसांनी ठराव घडी घालून खिशात ठेवला, फाडला नाही.

म्हणजे आता पाठ बंद झालीच, तर ती भाचीचा शब्द खोटा ठरला म्हणून बंद होणार होती.

*

पहिल्या दिवशी आत्या पुढे होती. झाडं माझ्या ओळखीची आहेत, तू नुसती रंग दे, असं ठरलं होतं. ती जोरात निघाली. तिच्या चालण्यात वय कुठे शोधायचं हा प्रश्न पडावा अशी ती चालायची. भाची मागून साल घासत, रंग देत, टेप लावत येत होती. खूण खांद्याच्या उंचीला, पंजाएवढी रुंद.

"आता एक दुभंगलेलं खोड येईल," आत्या पुढून ओरडली. "त्याच्यावर दे."

दुभंगलेलं खोड आलं नाही. बरंच पुढे गेल्यावर भाचीने सहज मागे पाहिलं, तर ते मागेच होतं. या अंगाने त्याची फट दिसतच नव्हती. साधं, गोल, शेवाळलेलं खोड. तिने परत जाऊन त्यावर खूण केली.

मग असं होतच राहिलं. आत्या एखाद्या झाडाजवळून परक्यासारखी जायची आणि ओलांडल्यावर तिचं पाऊल किंचित अडखळायचं, आपण कुणाला तरी ओळखलं नाही की काय असं. पण वळून बघायची नाही. सव्वीस वर्षांत तिने या वाटेवर वळून पाहिलं नव्हतं आणि आता भाचीसमोर तरी ती वळणार नव्हती.

दुपारी वाट एका मोठ्या खडकाशी आली आणि तिला दोन तोंडं फुटली. आत्याने क्षणभरही न थांबता डावं धरलं.

"आत्या, उजवी जास्त मळलेली वाटते."

"जनावरांनी मळली असेल."

"नकाशात—"

"नकाशा कुणी काढून दिला मंडळाला?"

नकाशा आत्यानेच काढून दिला होता. भाची मागोमाग उतरली. उतार मऊ होत गेला, मग ओला, मग नेच्यांच्या दाटीत वाटेने अंगच टाकलं आणि समोर दलदल आली. काळं पाणी, त्यावर किडे. आत्या काठावर उभी राहिली. काठी तिने पाण्यात घातली, बाहेर काढली, किती भिजली ते बघितलं.

भाचीने पिशवी खाली ठेवून उघडली.

"तुझा जादा मोजा," आत्या म्हणाली.

"डावा की उजवा?"

"डावा."

मोजा बदलून दोघी चढून परत खडकाशी आल्या. भाची उजव्या वाटेने थोडी वर गेली आणि मागे वळली. मग तिने हाक मारली.

"आत्या, इथे ये. इथून बघ."

आत्या आली. तिच्या शेजारी उभी राहून, नेहमीच्या दिशेला तोंड करून तिने पाहिलं. समोर तिची स्वतःची खूण, गेल्या वर्षीची, ठसठशीत. खडक. खडकाच्या अंगाने खाली जाणारी एकच वाट. डावं तोंड खडकामागे पूर्ण झाकलं गेलं होतं.

"इथे फाटा नाहीच आहे," आत्या म्हणाली.

"इकडून येताना नाही."

"इकडूनच तर येते मी."

"हो ना."

आत्या पुन्हा खडकापलीकडे गेली. फाटा दिसला. परत आली. फाटा नाही. असं तिने तीनदा केलं. घरात नवीन पंखा लागल्यावर माणूस बटण दाबून बघतो तसं.

"सव्वीस वर्षं," ती म्हणाली, "आणि हा मेला माझ्या पाठीमागे उभा!"

आणि ती हसायलाच लागली.

*

पुढच्या निवाऱ्यात पोचल्या तेव्हा अजून उजेड होता. आत्याने चहा ठेवला. भाची नकाशा मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या कपाळावर पिवळा डाग होता आणि तिला तो माहीत नव्हता.

"तोंड का सुतकी?"

"खुणा करता येतील मला. तपासणार कशा?" भाची म्हणाली. "मी नकाशा पाठ केलाय. मला कुठलीही खूण दिसणारच, कारण मीच काढलीये. चिटणीसांना परका माणूस पाहिजे. ज्याला उलट वाट मुळीच माहीत नाही असा. इथे कुठून आणू?"

आत्याने तिला कप दिला. स्वतःचा घेऊन ती दारात बसली, ओला बूट उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात सरकवला.

"मी आहे की," ती म्हणाली.

"तू?"

"मला काही म्हणजे काही माहीत नाही. आज सिद्ध झालं ना? दलदलीत नेलं तुला."

भाचीने कप खाली ठेवला.

"आणि परका माणूस निदान बिचकत तरी येतो," आत्या पुढे म्हणाली. "मी छाती काढून चुकीच्या वाटेला लागते. माझ्यासारखा अडाणी तुला शोधून सापडणार नाही. तू पुढे जा, खुणा कर, फाट्याजवळ लपून बस. मी मागून येते. मी थांबले, तर खूण नापास. मी चुकले, तर तू नापास."

"तुला चालेल? मी लपून तुझ्याकडे बघत बसलेली?"

"चिटणीस बघण्यापेक्षा बरं." आत्याने चहाचा घोट घेतला. "आणि कपाळ पूस. तुझ्यावरच खूण केलीयेस."

*

शुक्रवारी आत्या पाच वेळा थांबली आणि दोनदा चुकली.

पहिल्या फाट्यावर भाचीने खूण नेमकी दोन वाटा फुटतात तिथल्या झाडावर काढली होती. तिला वाटलं, हीच बरोबर जागा. ती झुडपामागे स्टॉपवॉच धरून बसली. आत्या आली ती बोलतच आली. एकटी चालताना ती झाडांशी बोलायची आणि झाडांना बरंच ऐकून घ्यावं लागायचं. फाट्याच्या आधीच वाट थोडी डावीकडे कलत होती, त्या कलाबरोबर आत्याचे पाय डावीकडे वळले आणि खुणेच्या अंगाला ती पोचलीच नाही.

"आत्या!"

"आँ? गेले का मी?"

"गेलीस."

"छान!" आत्या परत फिरत म्हणाली. "आता का गेले ते शोध. ते माझं काम नाही."

भाचीने शोधलं. ती आत्या आली त्याच वाटेने पुन्हा चालत आली, दोन्ही पायांकडे बघत. वळायचं की नाही हे पाय बरेच आधी ठरवत होते, डोळे नंतर पोचत होते. तिने टेप लावला आणि फाट्याच्या बारा मीटर अलीकडच्या खोडावर दुसरी खूण काढली. आत्याला लांब मागे पाठवलं आणि पुन्हा बसली. या वेळी आत्या झाडांना कुणाच्या तरी लग्नातली गोष्ट सांगत उजव्या वाटेने निघून गेली, बोलणं न तोडता.

दुपारनंतर वेगळीच अडचण आली. उलट चालताना ऊन समोरून येत होतं. खोडांचं समोरचं अंग सावलीत, आणि सावलीतला पिवळा रंग लांबून तपकिरी दिसत होता. नेहमीच्या दिशेला हा त्रास कधीच झाला नव्हता, कारण तिकडून दुपारचं ऊन पाठीवर असतं. भाचीने वाटेच्या समोरची खोडं सोडली आणि कडेची धरली, ज्यांच्या अंगावरून ऊन तिरपं सरकत होतं. खुणा किंचित वाटेकडे वळवल्या. आत्याने त्यातली एक तीस मीटरवरून काठीने दाखवली. "ती बघ, हात करून बोलावतेय."

एका जागी मात्र आत्या थांबली, पुढे आली, पुन्हा थांबली.

"मुद्दाम थांबतेस तू," भाची झुडपामागून म्हणाली.

"अगं, मूर्ख माणसाचं काम दिलंयस ना? मग ते प्रामाणिकपणे करू दे."

"खूण समोर आहे."

"समोर फांदी आहे. खूण फांदीमागे आहे. तू बसून बघतेस, म्हणून दिसतेय तुला. उभी राहून बघ."

भाची उभी राहिली. फांदी होती. तिने ती छाटली.

शनिवारी आत्या एकदाच थांबली, तीही बुटाची नाडी बांधायला. त्यावर दोघींचा वाद झाला. नाडीचा थांबा मोजायचा नाही, असं आत्याचं म्हणणं होतं. थांबा तो थांबा, असं भाचीचं. शेवटी आत्या चिडून म्हणाली, बरं बाई, मोज, नाडी नापास. त्या रात्री निवाऱ्यात दोघी आठलाच झोपल्या, आणि झोपण्यापूर्वी आत्याने अंधारातच विचारलं, "उद्या किती फाटे?"

"चार."

"सगळे पुलाच्या आधी?"

"तीन धारेवर पोचण्याआधी, एक खाली उतरताना."

"चिटणीसांनी तो कागद आणला असेल बरोबर."

"आणू देत."

अंधारात आत्या थोडी हसल्यासारखं वाटलं.

*

रविवारी पहिल्या तीन फाट्यांवर आत्या आली आणि गेली. तिचं बोलणं तुटलं नाही, काठी अडखळली नाही. तिसऱ्या फाट्यावर तर तिने खुणेकडे पाहिल्याचंही दिसलं नाही, नुसती वळली, घरात दिव्याच्या बटणाकडे न बघता हात जावा तशी. भाची आडोशाला बसल्या बसल्या स्वतःशीच हसली आणि शेवटचा डबा घेऊन पुढे पळाली.

आता डोंगराची धार राहिली होती. नेहमीच्या दिशेने येताना हा पुलापासूनचा उभा चढ, तोंड सतत कातळाकडे. दमलेल्या माणसांना आत्या तिथे एकच गोष्ट सांगायची, आणि मंडळाने ती पत्रकातही छापली होती : या चढावर बघण्यासारखं काही नाही. मान खाली घाला आणि चढा.

भाची झाडीच्या बोगद्यातून धारेवर बाहेर आली आणि डबा हातात घेऊन उभी राहिली. खाली सगळं उघडं पडलं होतं. तळं, तळ्याकाठचा पहिला निवारा, त्याच्या पुढे दुसऱ्याचं छप्पर, मग पोटाचं सगळं जंगल, आणि त्याला वळसा घालत गेलेली डोंगराची कड. कुठे कड उतरते, कुठे ओढा ओलांडते, कुठून पाठ सुरू होते, ते बोट फिरवून दाखवता आलं असतं. पार टोकाला फेरी जिथे सुरू होते आणि संपते त्या फाटकाचा पत्रा उन्हात चमकत होता. एका नजरेत अख्खी फेरी मावत होती.

तिने उताराच्या तोंडाशी असलेल्या एकट्या झाडाची साल घासली. खूण काढली. इथे फाटा नव्हता, चुकायला जागाच नव्हती, पण एका खुणेपासून पुढची दिसलीच पाहिजे असा नियम होता. मग ती खाली उतरून शेवटच्या फाट्यावरच्या दोन खुणा करून आली. पुलावर चिटणीसांची गाडी उभी दिसत होती. ती परत वर चढली आणि झाडापलीकडच्या दगडांमागे बसली.

आत्याचा आवाज आधी आला. झाडीतल्या कुणाला तरी ती सांगत होती की चहात साखर कमी घालणाऱ्यांवर तिचा विश्वास नाही, कारण अशी माणसं

वाक्य तिथेच राहिलं. भाचीने सवयीने स्टॉपवॉच दाबलं.

आत्या झाडीच्या तोंडाशी उभी होती. तिने काठी दगडाला टेकवून ठेवली. ती घसरून पडली, तरी तिने उचलली नाही. मग तिने डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली. पुलावरून गाडीचा हॉर्न वाजला. काही वेळाने पुन्हा वाजला. आत्याचा एक हात हळूहळू वर आला आणि बोट पुढे करून ती हवेत काहीतरी डावीकडून उजवीकडे फिरवत नेऊ लागली, मध्येच थांबत, थोडं मागे येत, पुन्हा पुढे. भाची दगडामागे हलली नाही.

बोट फिरून निघालं तिथे परत आलं. आत्याने टोपी घातली, वाकून काठी घेतली आणि खाली उतरायला लागली. झाडाजवळून, दगडांजवळून गेली. खालच्या फाट्यावर ती उजवीकडे वळली, न थांबता, आणि चिटणीसांना लांबूनच हाक मारून म्हणाली, "हॉर्न कशाला बडवताय? येतेय ना!"

भाची उठली. आत्या उभी होती तिथे गेली. टेपचं टोक तिने दगडाखाली दाबलं आणि झाडापर्यंत ताणत नेलं.

खूण एकोणीस मीटरवर. समोर, खांद्याच्या उंचीला, पूर्ण उजेडात. मध्ये फांदी नाही. फाटा नाही. थांबा चार मिनिटं दहा सेकंद.